उसाला एआय चालतं, मग अंगावरच्या डागाला का नाही? फोन, त्वचेचा कॅन्सर आणि योग्य स्किन क्लिनिक

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातला एआयवरचा ऊस आता जगभर माहीत झालाय. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्यावर पोस्ट टाकली, तेव्हापासून तर विचारूच नका. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाचे फोटो असं सगळं एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला येतो. त्यामुळे बारामती-इंदापूर भागात गेलो की, सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून, मला एक प्रश्न हमखास येतो: "उसाला जमतंय तर माणसाला का नाही? डागाचा फोटो काढला की कॅन्सर आहे का नाही ते सांगणारं ॲप सांग की."

थोडक्यात उत्तर असं: असा दावा करणारी ॲप्स आहेत, पण त्यांच्या "काही नाही" या उत्तरावर विसंबू नका. फोनचा उपयोग मात्र भरपूर आहे, फक्त वेगळ्या कामासाठी. ॲप कुठे चुकतं, आपल्या त्वचेवर नेमकं कुठे बघायचं, फोटो कसा ठेवायचा आणि क्लिनिक कसं निवडायचं, हे क्रमाने बघू.

## ॲप डाग 'ओळखतं' म्हणजे काय करतं?

ॲपला कॅन्सर कळत नाही. त्याने आधी हजारो फोटो पाहिलेले असतात, प्रत्येकावर "हा साधा तीळ", "हा मेलानोमा" असं लेबल असतं. तुमचा फोटो त्यातल्या कशाशी किती जुळतो, एवढंच ते सांगतं. (मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. प्रमाणाने कमी, पण वेगाने पसरणारा.)

हे तंत्र फालतू नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० फोटोंवर शिकवलेलं मॉडेल निवडक फोटोंवर २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचं निघालं आणि तो शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. अडचणी त्यानंतर दिसायला लागल्या.

पहिली अडचण फूटपट्टीची. डॉक्टरला संशय आला की तो डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. साध्या तिळाला कोण पट्टी लावतो? त्यामुळे फोटोत पट्टी दिसली की "कॅन्सर असेल" असं म्हणायला मॉडेल शिकलं, हे संशोधकांनीच नंतर लिहिलं. कोडिंग करणाऱ्यांना हा प्रकार लगेच कळेल. मॉडेलला डाग शिकवायला गेलो आणि ते पट्टी शिकलं.

दुसरी अडचण आपल्या रंगाची. या विषयातले जुने फोटोसंच बहुतेक अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या त्वचेचे. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या गटाने २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांचे ६५६ फोटो जमवले, सगळे बायोप्सीने पक्के केलेले. त्यावर नावाजलेली मॉडेल्स चालवली तर त्यांची कामगिरी एकूणच घसरली आणि गडद त्वचेवर आणखी घसरली.

उसाचं मॉडेल आणि हे मॉडेल यातला फरक इथेच आहे. बारामतीच्या प्रयोगात सेन्सर इथल्याच जमिनीत आहेत, हवामान इथलंच मोजलं जातं. त्वचेचं ॲप मात्र दुसऱ्यांच्या कातडीवर शिकून आपल्या कातडीवर बोलतं. शिवाय उसाचा सल्ला चुकला तर एखादं पाणी जास्त होईल. इथे "काही नाही" हे उत्तर चुकलं तर सहा महिने जातात, आणि या आजारात सहा महिने फार असतात.

तिसरी अडचण साध्या गणिताची. समजा (आकडे फक्त उदाहरणासाठी) १०,००० लोकांनी ॲप वापरलं आणि त्यातल्या १० जणांना खरंच कॅन्सर आहे. ॲप ९० टक्के अचूक आहे. म्हणजे ते १० पैकी ९ जण पकडेल, एकाला "ठीक आहे" म्हणून घरी बसवेल आणि उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी ९९९ जणांना घाबरवेल. आजार जितका दुर्मीळ, तितका हा गोंधळ मोठा. आणि भारतात त्वचेचा कॅन्सर कमीच आढळतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये मेलॲप आणि मोल डिटेक्टिव्ह या ॲप्सच्या विक्रेत्यांवर पुराव्याविना दावे केल्याबद्दल कारवाई केली होती. २०२० मध्ये 'बीएमजे'त आलेल्या आढाव्याचाही निष्कर्ष तोच: अशा ॲप्सवर भरवसा ठेवता येत नाही. गूगल लेन्सने डागाचा फोटो शोधला तर मिळतेजुळते फोटो दिसतात. वाचायला ठीक, पण ते निदान नाही.

## आपल्याकडे कुठे बघायचं?

इंटरनेटवर त्वचेच्या कॅन्सरची माहिती शोधली की गोऱ्या पाठीवरचा तीळ दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत बघायच्या जागा बऱ्याचदा वेगळ्या असतात.

तळपाय, तळहात आणि नखं. गडद त्वचेच्या लोकांत मेलानोमा झालाच तर तो बऱ्याचदा इथे सापडतो, आणि इथेच दुर्लक्ष होतं. तळपायावरचा काळा डाग म्हणजे कुरूप असेल, काटा मोडला असेल, दगड लागला असेल, असं म्हणून आपण कॉर्न कॅप लावतो. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता. फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं, १९७७ मध्ये तो मेलानोमा निघाला आणि मे १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

भाजल्याचे जुने व्रण आणि न भरणाऱ्या जखमा. चुलीवर, गुऱ्हाळात किंवा सायलेन्सरला भाजलेली जागा कित्येक वर्षांनी पुन्हा फुटली, चिघळली आणि भरेना, तर तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा होऊ शकतो. अशा फोडाला डॉक्टर 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात.

कंबर. हा प्रकार खास आपल्याकडचा आहे. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सहकाऱ्यांनी धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून कमरेवर होणारा कॅन्सर नोंदवला. 'धोती कॅन्सर' हे नाव तिथून आलं. आणि हे जुनं झालं असं समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायकांची माहिती छापली. एक सत्तरीची, परकराची नाडी घट्ट बांधणारी, कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरणारी जखम. दुसरी साठीच्या शेवटाकडे आलेली, चाळीस वर्षं लुगडं नेसणारी, जखम दोन वर्षांची. दोघींना त्वचेचा कॅन्सर निघाला, आणि दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे वाचून मला माझी आजी आठवली. तिच्या कमरेला गाठीच्या जागी काळा, राठ पट्टा आहे, आणि आमच्याकडे कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. नुसता काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण त्याच जागी जखम झाली आणि भरली नाही, तर हळद-तेल लावत बसायचं नाही. नाडी रुंद वापरणं, सैल बांधणं, गाठीची जागा बदलत राहणं हे उपाय फुकटचे आहेत. आपल्या घरातल्या किती बायका ही गोष्ट स्वतःहून सांगतील? म्हणून तुम्हीच विचारा.

चेहरा, ओठ, कान. बेसल सेल कार्सिनोमा हा हळू वाढणारा प्रकार इथे दिसतो. आपल्या त्वचेत तो काळपट, चमकदार गाठीसारखा असतो, म्हणून तीळ समजला जातो. खपली धरते, पडते, रक्त येतं, पुन्हा खपली.

जास्त जपायचं कुणी? भाजल्याचे मोठे व्रण असलेल्यांनी, जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेल्यांनी, किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी, आणि कुष्ठरोग किंवा मधुमेहामुळे पायाला जुनी जखम असलेल्यांनी.

## फोनचं खरं काम: तारखेसह पुरावा

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "हा डाग कधीपासून आहे? वाढलाय का?" आणि आपण म्हणतो, "असंल वरीसभर." इथे फोन कुठल्याही एआयपेक्षा उपयोगी पडतो.

१. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ फोटो काढा. फ्लॅश नको, रंग बदलतो.
२. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद करा. त्वचा गुळगुळीत करणारं सॉफ्टवेअर डागाची कडाच पुसून टाकतं.
३. स्वस्त फोनमधला मॅक्रो कॅमेरा सहसा कमी दर्जाचा असतो. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून, दुप्पट झूम करून काढा.
४. कंपासपेटीतली पट्टी शेजारी ठेवा. मॉडेलला ती फसवते, पण डॉक्टरला मोजायला लागते.
५. दोन फोटो काढा: एक जवळून, एक लांबून, म्हणजे डाग शरीरावर कुठे आहे ते कळेल.
६. वेगळा अल्बम करा. खाजगी जागेचा फोटो असेल तर गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये ठेवा.
७. डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर मागितला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फोटोतली तारखेची माहितीही गळून जाते.

नखाखालच्या डागासाठी तर ही पद्धत फारच सोपी आहे. मार लागून रक्त साकळलं असेल तर नख वाढतं तसा डाग पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख येतं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत फरक दिसतो. डाग सरकत नसेल, नखाच्या मुळापासून टोकापर्यंत काळी रेघ असेल, ती रुंद होत असेल किंवा रंग बाजूच्या कातडीवर उतरला असेल, तर फोटो पुरे, डॉक्टर गाठा.

## किती दिवस वाट बघायची?

- जखम किंवा फोड चार आठवड्यांत भरला नाही.
- डाग एका बाजूला वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन-तीन रंग, किंवा रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त.
- तीळ जुनाच आहे पण आता बदलतोय. सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची.
- विनाकारण रक्त येतं, पाणी सुटतं.
- जुन्या व्रणात नवी गाठ आली.

यातलं एकही असेल तर पुढच्या आठवड्यात दाखवा. रक्त येत असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर महिनाभर फोटो काढत बसू नका. आणि तोवर मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावू नका. गजकर्णावर सर्रास मिळणाऱ्या अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने खरा आजार झाकला जातो.

एक आणखी. डाग फिकट असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. आशाताई घरी विचारायला आल्या तर लपवू नका.

उलट बाजूही सांगतो. मानेवरचे लोंबते चामखीळ, चेहऱ्यावरचे बारीक काळे उंचवटे, वर्षानुवर्षं तसाच असलेला तीळ हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. काहीच तक्रार नसलेल्या माणसाने दरवर्षी सगळ्या अंगाची तपासणी करावी का, यावर अमेरिकेच्या आरोग्य कार्यदलानेही २०२३ मध्ये 'पुरेसा पुरावा नाही' असंच म्हटलं. त्यामुळे 'फुल बॉडी स्किन चेकअप पॅकेज'ची जाहिरात बघून पैसे घालवायची गरज नाही.

## स्किन क्लिनिक निवडताना

आता छोट्या शहरांतही 'स्किन, हेअर, लेझर' अशा पाट्या भरपूर दिसतात. त्यातल्या कित्येक ठिकाणी मुख्य काम फेशियल, केस काढणं आणि गोरेपणाची ट्रीटमेंट हे असतं. ते काम वाईट नाही, पण संशयास्पद डाग घेऊन जायची ती जागा नव्हे.

पदवी बघा. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हा शब्द याची जागा घेत नाही.

नोंदणी तपासा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकलं की नोंद सापडते. दोन मिनिटांचं काम आहे. मोबाईल घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ रिव्ह्यू बघतो.

स्टार बघून फसू नका. गूगल मॅप्सवरचे ४.९ स्टार बहुधा लेझर आणि फेशियलचे असतात. रिव्ह्यूच्या आत शोधायची सोय असते, तिथे 'बायोप्सी' शब्द टाकून बघा. 'प्रायोजित' लिहिलेलं क्लिनिक वर दिसतं ते पैसे भरून.

जायच्या आधी फोनवर विचारा:

- डर्मोस्कोप आहे का? (त्वचेच्या वरच्या थराखालची रचना मोठी करून दाखवणारं, हातात मावणारं भिंग.)
- गरज पडली तर बायोप्सी इथेच होते का, नमुना कुठल्या लॅबला जातो?
- संशय निघाला तर पुढे कुठे पाठवता?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: "काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना?" डाग लेझरने किंवा कॉटरीने जाळून टाकला की वरून सगळं स्वच्छ दिसतं, पण तो काय होता हे कायमचं गूढ राहतं. खाली काही उरलं असेल तर ते वाढत राहतं. संशय असलेला डाग जाळायचा नसतो, तपासायचा असतो. पार्लरमध्ये ॲसिड लावून किंवा घरी दोरा बांधून तीळ पाडणं याच कारणाने टाळा.

बायोप्सीला घाबरू नका. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती इथे नुकसानच करते, कारण त्या अहवालाशिवाय निदान पक्कं होत नाही.

## बारामती-इंदापुरातून रस्ता कसा?

इंदापूर आणि बारामतीत उपजिल्हा रुग्णालयं आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. तिथे त्वचारोगतज्ज्ञ रोज असतीलच असं नाही, पण रेफरची चिठ्ठी मिळते आणि ती पुढे कामी येते.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आताचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. इंदापूरकरांना हे ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या मानाने खूपच जवळ. त्वचारोग ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारून निघा, म्हणजे रोजगार बुडवून मारलेली फेरी वाया जाणार नाही. पुढची गरज पडली तर पुण्याचं ससून आणि त्यापुढे मुंबईचं टाटा मेमोरियल.

घरबसल्या पहिला सल्ला हवा असेल तर सरकारचं ई-संजीवनी मोफत आहे. व्हिडिओवर डॉक्टर बोलतात, फोटो बघतात, चिठ्ठी देतात. बोटाने दाबून बघणं आणि बायोप्सी मात्र व्हिडिओवर होत नाही, त्यामुळे संशय असेल तर ती फक्त पहिली पायरी समजा.

खर्चाची भीती वाटत असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हेल्पलाइन १५५३८८. कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते आधीच विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

शेवटचं तांत्रिक काम: बायोप्सीचा अहवाल स्कॅन करून फोनमध्ये आणि मेलवर ठेवा. लॅबमध्ये मेणात जपलेला तुकडा म्हणजे 'ब्लॉक' आणि काचेच्या 'स्लाइड' असतात, त्या मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासायला त्या मागतात. नसतील तर एक फेरी वाढते.

## आता काय करायचं?

आज संध्याकाळी आंघोळीनंतर दहा मिनिटं काढा. दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, वीसही नखं, जुने व्रण बघा. पाठ दिसत नाही, ती भावाला किंवा मित्राला बघायला सांगा. मग आई, आजी, आजोबांना विचारा: कमरेला, पायाला न भरणारी जखम आहे का? त्यांच्याकडे फोन असेल, पण असं काही शोधायला त्या फोनवर जाणार नाहीत. त्यांच्यासाठी हा लेख घरच्या ग्रुपवर टाका, आणि नुसता टाकू नका, बसून वाचूनही दाखवा.